दीर्घकालीन मूत्रपिंडविकार आणि मानसिक आरोग्य

मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची क्षमता तीन महिन्यांहून अधिक काळ घटलेली राहिली, किंवा लघवीतून प्रथिने जाण्यासारखी इजेची खूण तेवढा काळ टिकली, तर त्या स्थितीस दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. त्याचे पाच टप्पे मानले जातात. पाचव्या टप्प्यात गाळण्याचा वेग मिनिटाला १५ मिलिलिटरच्या खाली गेलेला असतो. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही प्रमुख कारणे. गेलेली क्षमता बहुधा परत येत नाही, म्हणून रुग्णाला आजार सोबत घेऊनच जगावे लागते. तपासणीच्या भेटीत क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावले की रक्तात वाढणारे टाकाऊ द्रव्य), पोटॅशियम, हिमोग्लोबिन यांची चौकशी होते. झोप लागते का, कशात मन रमते का, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

सुरुवातीच्या टप्प्यांत त्रास फारसा जाणवत नाही. आजार कळतो तो रिपोर्टवरून, आणि पुढे त्या आकड्याचीच धास्ती बसते. क्रिएटिनिन थोडे वर गेले की घरात शांतता पसरते. वास्तविक पाणी कमी पडणे, मांसाहार, प्रयोगशाळा बदलणे एवढ्यानेही तो आकडा हलतो. पाहायचा असतो अनेक महिन्यांचा कल. याच काळात डायलिसिसविषयी, म्हणजे यंत्राने रक्त गाळण्याविषयी, ‘मशीनवर गेलं की संपलं’ हे वाक्य कोणीतरी ऐकवते. त्या भीतीने काही जण काढे आणि भस्मांच्या मागे लागतात. त्यांतील जड धातूंनी उरलेसुरले मूत्रपिंडही बिघडू शकते. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातील धमनी व शीर जोडण्याची छोटी शस्त्रक्रिया, वेळेत करून घेण्याचे टाळले जाते आणि शेवटी धाप लागल्यावर मानेतून नळी घालून तातडीने डायलिसिस सुरू करावे लागते. अशी सुरुवात मनाला जास्त हादरवते.

वारंवार डायलिसिस शक्य झाले ते १९६० मध्ये, अमेरिकेतील सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम ठेवता येणारी नळी तयार केल्यावर. यंत्रे थोडी आणि रुग्ण पुष्कळ, म्हणून तेथे कोणाला जगवायचे हे एक समिती ठरवत असे. भारतात आज प्रश्न अंतराचा आणि खर्चाचा आहे. २०१६ पासूनचा पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांमुळे डायलिसिसचे पैसे अनेकांचे वाचतात; येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी मात्र घरालाच सोसावी लागते. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास हे प्रचलित प्रमाण असले, तरी आपल्याकडे अनेक जण दोनदाच जातात.

यंत्रावरचे तास एक वेळ सवयीचे होतात. पाण्याचे बंधन सवयीचे होत नाही. लघवी जवळजवळ थांबलेल्या रुग्णाने प्यायलेले पाणी पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच साठते, लिटरमागे एक किलो वजन वाढते आणि पाय सुजतात, दम लागतो. म्हणून चहा, ताक, आमटीचे पाणी असे सगळे धरून दिवसाचे माप ठरवून दिलेले असते. विदर्भातल्या मे महिन्यात हे माप पाळणे म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून समजत नाही. पुढे केलेला पाण्याचा तांब्या नाकारावा लागतो, पंगतीत लोणचे-पापड बाजूला सारावे लागतात, आजारी माणसाला म्हणून कौतुकाने आणलेले शहाळे पोटॅशियममुळे घातक ठरते. हळूहळू माणूस लग्नाकार्याला जाणेच सोडतो. अशा वेळी ‘पथ्य पाळत नाही’ म्हणून रागावण्याचा उपयोग कमीच. चोरून पाणी पिणारा रुग्ण बेफिकीर असेलच असे नाही. तो खचलेलाही असू शकतो.

खचणे ओळखणे येथे अवघड जाते. थकवा, भूक मंदावणे, झोप मोडणे, लक्ष न लागणे ही नैराश्याची लक्षणे तशीच्या तशी रक्तक्षयाने आणि रक्तात साठलेल्या टाकाऊ द्रव्यांनीही होतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात डायलिसिसवरील रुग्णांत प्रश्नावलीनुसार सुमारे ३९ टक्के, तर प्रत्यक्ष मुलाखतीनुसार सुमारे २३ टक्के लोकांना नैराश्य असल्याचे दिसले. या तफावतीचे एक कारण लक्षणांची ही सरमिसळ होय. त्यामुळे शरीराच्या तक्रारींपेक्षा निराशा, अपराधीपणा, आवडत्या गोष्टींतला रस जाणे यांना अधिक वजन द्यावे लागते. उलट बाजूही आहे. अचानक आलेला गोंधळ किंवा असंबद्ध बोलणे हे मनाचे दुखणे समजून घरी बसू नये. ते रक्तातील विषद्रव्यांमुळे, सोडियम घसरल्यामुळे किंवा मात्रा न घटवता दिलेल्या गॅबापेंटिनसारख्या (नसांच्या दुखण्यावरील) औषधामुळे असू शकते. कमरख या आंबट फळातील द्रव्यानेही मूत्रपिंडाच्या रुग्णाला न थांबणारी उचकी, भ्रम आणि फिट्स येऊ शकतात.

उपचारांत खाज, पाय सतत हलवावेसे वाटणे, रक्तक्षय यांवर इलाज करणे हे पहिले काम. रात्रीची झोप परतली की मन अनेकदा आपोआप सावरते. गोळ्यांबाबत पुरावा संमिश्र आहे. डायलिसिसपूर्व टप्प्यांतील रुग्णांवरील २०१७ च्या चाचणीत सर्ट्रालिन हे नैराश्यावरील औषध साध्या निष्क्रिय गोळीहून सरस ठरले नाही. २०१९ च्या दुसऱ्या चाचणीत, डायलिसिसवरील रुग्णांत, ते विचार-वर्तन उपचारापेक्षा किंचित परिणामकारक दिसले, पण दुष्परिणामही अधिक झाले. हा बोलण्याचा उपचार डायलिसिस चालू असतानाच खुर्चीशेजारी बसून देता येतो, आणि एरवी टीव्ही बघण्यात जाणारे ते चार तास त्यासाठी सोयीचे आहेत. लिथियम हे मनोविकारावरील औषध मूत्रपिंडांना बाधू शकते, म्हणून ते घेणाऱ्यांनी मूत्रपिंडतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ दोघांनाही एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवाव्यात. जीव द्यावासा वाटत असेल तर १४४१६ या ‘टेलि-मानस’ मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

प्रत्यारोपणाने पाण्याचे बंधन सुटते, पण मन लगेच मोकळे होत नाही. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिलेल्या स्टिरॉइडमुळे चिडचिड आणि निद्रानाश होऊ शकतो. नवे मूत्रपिंड नाकारले जाईल ही भीती प्रत्येक तपासणीला डोके वर काढते. अवयव देणारे जवळचे नातलग असतील तर ऋणाची भावनाही असते. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने आईवडील, भावंडे, मुले व जोडीदार यांना जवळचे नातलग मानले. २०११ च्या दुरुस्तीने आजीआजोबा व नातवंडे जोडली. भारतात जिवंत दात्यांमध्ये स्त्रिया बहुसंख्य आहेत. आई किंवा बायको ‘देईलच’ हे घरात गृहीत धरले जाते, तेव्हा तिची संमती एकटीला बसवून विचारणे हा उपचाराचा भाग ठरतो. शस्त्रक्रियेनंतर सगळे लक्ष घेणाऱ्याकडे वळते आणि तिचे दुखणे मागे पडते.

काही वृद्ध किंवा इतर गंभीर आजारांनी ग्रस्त रुग्ण ‘आता डायलिसिस नको’ म्हणतात. त्यामागे उपचार होण्याजोगे नैराश्य, वेदना किंवा मुलांवर पडणाऱ्या खर्चाची लाज आहे का, हे आधी तपासावे लागते. तसे नसेल तर तो त्यांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय मानतात. डायलिसिस थांबवल्यावर आयुष्य बहुधा काही दिवसांपासून एखाद-दोन आठवड्यांपर्यंत उरते. त्या काळात धाप, खाज आणि अस्वस्थता शमवणारी परिहारक काळजी घरीही देता येते.