स्लीप क्लिनिक

स्लीप क्लिनिक म्हणजे झोपेच्या आजारांचा दवाखाना किंवा हॉस्पिटलातला तसा विभाग. घोरणं, झोपेत श्वास अडकणं (स्लीप अ‍ॅप्निया), निद्रानाश, दिवसाढवळ्या अनावर झोप येणं (नार्कोलेप्सी), झोपेत चालणं-बडबडणं असले पेशंट इथे येतात, आणि घोरणारा तर बहुतेक वेळा स्वतःहून येतच नाही, बायको ओढून आणते.

पहिलं क्लिनिक कुठलं यावर एकमत नाही. बहुतेक ठिकाणी विल्यम डिमेंट यांनी १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला काढलेल्या क्लिनिकचं नाव येतं. त्याआधी, साधारण १९६४ च्या सुमाराला, त्यांनी तिथेच नार्कोलेप्सीच्या पेशंटसाठी एक प्रयत्न केला होता पण पैशांचं गणित जमेना म्हणून तो लवकरच गुंडाळला. दुसरीकडे प्रागमध्ये बेडरिख रोट १९५० च्या दशकापासूनच असे पेशंट तपासत होते, त्यामुळे काहीजण पहिला मान त्यांना देतात. पेशंट तपासणं एवढाच निकष धरला तर रोट आधीचे, पण रात्रभर श्वास, हृदय आणि मेंदू एकत्र नोंदवायची पद्धत बसली ती स्टॅनफर्डला, १९७२ मध्ये क्रिस्तियाँ गिल्मिनो तिथे आल्यावर, त्यामुळे आजच्या अर्थाने स्टॅनफर्डचाच दावा जास्त पटतो. श्वास अडकण्याचा आजार मात्र त्याआधीच, १९६५ मध्ये, फ्रान्स आणि जर्मनीतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे नोंदवला होता.

मुख्य तपासणी पॉलिसोम्नोग्राफी, बोलीत स्लीप स्टडी. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, पायांना वायरी, छाती-पोटाला पट्टे, नाकापाशी सेन्सर, बोटाला ऑक्सिजनची क्लिप, आणि एवढं सगळं लटकवून म्हणायचं की आता झोपा! तरी बहुतेकांना पुरेशी झोप लागते. सकाळी ती नोंद ३०-३० सेकंदांचे तुकडे पाडून वाचली जाते. श्वास निदान १० सेकंद जवळजवळ बंद पडला तर अ‍ॅप्निया, नुसता कमी झाला तर हायपोप्निया, आणि दोन्हींची तासाची सरासरी म्हणजे एएचआय. मोठ्या माणसांत ५ ते १५ सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र.

घोळ आहे तो हायपोप्नियाच्या व्याख्येत. एका नियमाने ऑक्सिजन ३ टक्के उतरला किंवा झोप क्षणभर चाळवली तरी घटना मोजतात, दुसऱ्या नियमाने (अमेरिकेची मेडिकेअर योजना हाच मानते) ४ टक्के उतरायलाच हवा, म्हणजे त्याच माणसाची तीच रात्र एका लॅबमध्ये मध्यम आणि दुसरीकडे सौम्य ठरू शकते. बारीक अंगाच्या पेशंटची झोप चाळवते पण ऑक्सिजन फारसा उतरत नाही, तो ४ टक्क्यांच्या नियमातून निसटतो, म्हणून पहिला नियम बरा वाटतो. रिपोर्टवर कुठला नियम वापरलाय ते पाहिल्याशिवाय आकडे ताडून बघू नयेत.

अ‍ॅप्नियावर मुख्य उपचार सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणं. कॉलिन सलिव्हन यांनी सिडनीत तो शोधला, १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी तीव्र आजारात गळ्याला भोक पाडायचे (ट्रॅकिओस्टॉमी). वजन कमी करणं आणि जबड्याला लावायचं साधन हे पर्यायही आहेत. निद्रानाशाला सहसा रात्रभराची तपासणी लागत नाही, त्याला झोपेची डायरी आणि सीबीटी-आय (झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलायची उपचारपद्धत).

मुंबईत झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन शहरी पुरुषांचा अभ्यास केला, तो २००४ मध्ये आला आणि त्यात लक्षणांसकट स्लीप अ‍ॅप्नियाचं प्रमाण ७.५ टक्के निघालं. त्यातल्या झोपेच्या नोंदी लॅबमध्ये नाही, लोकांच्या घरीच घेतल्या होत्या.