परदेशातील कामाचा आणि निवासाचा परवाना लांबतो तेव्हा: ग्राहकांसाठी माहिती

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि सीमेपलीकडील चंदगड भागातून आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या ग्राहकांची कागदपत्रे तयार करून देण्याचे काम आमचे कार्यालय करते. आम्ही भरती एजंट नाही. नोकरी लावण्याचा किंवा व्हिसा काढून देण्याचा अधिकार आम्हाला नाही. ऑफर लेटर हाती आल्यावरही पुढे काही हालत नाही, तेव्हा अनेकजण ‘अजून किती दिवस लागतील?’ असे विचारतात. त्याआधी ‘कागद या घडीला कोणाकडे आहेत?’ हे विचारावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. उशीर आपल्या कागदांमुळे असेल तर तो आपल्यालाच दूर करता येतो, मालकामुळे असेल तर त्याच्यामागे तगादा लावावा लागतो आणि तिकडच्या सरकारी खात्यात असेल तर थांबण्यावाचून इलाज नसतो.

आपल्या भागातील कागद बहुधा नावावर आणि पत्त्यावर अडतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे आणि पासपोर्टवर वडिलांचे नाव आडनावाच्या जागी, असे असेल तर फाइल परत येण्याची शक्यता मोठी असते. बेळगाव शहराचे सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’ झाले, त्यामुळे जुन्या पासपोर्टवर एक नाव आणि नव्या दाखल्यांवर दुसरे दिसते. शंका येऊ नये म्हणून याचा खुलासा अर्जासोबत आधीच जोडलेला बरा. मूळ गाव चंदगड तालुक्यात आणि राहणे बेळगावातील उद्यमबागेजवळच्या भाड्याच्या खोलीत, अशा ग्राहकांनी पासपोर्टच्या अर्जात प्रत्यक्ष राहता तोच पत्ता लिहावा. अर्ज देशात कोठेही करता येतो, परंतु पोलीस पडताळणी अर्जातील पत्त्यावरच होते आणि तेथे आपण सापडला नाहीत तर अहवाल प्रतिकूल जातो.

पासपोर्टवर ईसीआर (कामासाठी परदेशी जाण्याआधी सरकारी परवानगी आवश्यक) असा शेरा असेल आणि आखाती देशांसह ठरावीक १८ देशांपैकी एखाद्या देशात कामाला जायचे असेल, तर भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून ती परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसीही आवश्यक असते. दहावी उत्तीर्ण असूनही केवळ प्रमाणपत्र न जोडल्यामुळे हा शेरा पडलेले तरुण आमच्याकडे येतात. पासपोर्ट नव्याने काढून तो शेरा हटवता येतो. मात्र हे काम ऑफर येण्याआधीच उरकून घ्यावे. भरती एजंटाला कायद्याने ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. ‘लवकर करून देतो’ म्हणून त्यापेक्षा अधिक मागणाऱ्यास रक्कम देऊ नये.

मेडिकल रिपोर्टची मुदत मर्यादित असते. व्हिसा लांबला की ती संपते आणि पुन्हा तपासणी करून पुन्हा पैसे भरावे लागतात, म्हणून मालकाचा कागद पक्का झाल्याशिवाय मेडिकलची घाई करू नये. पूर्वी क्षयरोग होऊन गेलेल्यांच्या एक्स-रेमध्ये जुना डाग दिसला तर ‘अनफिट’ शेरा पडू शकतो. अशा ग्राहकांनी आधी स्थानिक डॉक्टरांकडे एक्स-रे काढून सल्ला घ्यावा.

येथवरचा उशीर त्रासाचा असला तरी माणूस आपल्या घरी असतो. खरी काळजी विमानातून उतरल्यावर सुरू होते, कारण तिकडे परवाना काढणे मालकाच्या हातात असते आणि दिवस मात्र कामगाराचे मोजले जातात. दुबईसह अमिरातीत रोजगाराच्या प्रवेश परवान्यावर उतरल्यापासून ६० दिवसांत मेडिकल, एमिरेट्स आयडी (तेथील ओळखपत्र) आणि निवास परवाना पूर्ण व्हावा लागतो. मुदतीबाहेर राहिल्यास दररोज ५० दिरहम दंड होतो. सौदीत इकामा, म्हणजे तेथील निवास परवाना, ९० दिवसांच्या आत निघायला हवा, आणि इकाम्याचे शुल्क व उशिराचा दंड भरण्याची जबाबदारी तेथील कामगार कायद्याने मालकावर टाकली आहे. कतारमध्ये मालकाला यासाठी ३० दिवस मिळतात. तेथे जाणाऱ्यांची मेडिकल तपासणी आणि बोटांचे ठसे मुंबई किंवा चेन्नईसारख्या शहरांतील कतार व्हिसा केंद्रात आधीच होत असल्याने पुढचा एक टप्पा वाचतो. रमजानमध्ये कामाचे तास कमी असतात आणि दोन्ही ईदना सुट्ट्या लागतात. त्या दिवसांत पाच-सात दिवस काही कळले नाही तर घरच्यांनी घाबरून जाऊ नये.

मुदतीचा निम्मा काळ उलटूनही मेडिकलला बोलावणे आले नाही, तर गप्प बसू नये. कंपनीच्या एचआर विभागाला किंवा पीआरओला (कंपनीची सरकारी कामे पाहणाऱ्या माणसाला) व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी विचारावे आणि तो संदेश जपून ठेवावा. तोंडी विचारल्याचा पुरावा राहत नाही. सौदीत इकामा नाही म्हणून रागाने काम सोडून दुसरीकडे जाणे तर फार धोक्याचे आहे, कारण मालकाने ‘हुरूब’, म्हणजे पळून गेल्याची, नोंद केली की चूक त्याची असूनही गुन्हेगार कामगार ठरतो.

परवाना लांबतो आहे, तोवर व्हिजिट व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून घेऊ, असे सांगणारा फोन आला तर कृपया आधी आमच्याकडे या. व्हिजिट व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. अमिरातीने २०२४ मध्ये परवान्याशिवाय कामगार ठेवणाऱ्या मालकांसाठी एक लाख ते दहा लाख दिरहम दंड ठरवला. मालकाला दंड होतो, पण अडकून पडतो तो कामगार. वेल्डर, फिटर, टर्नर अशा कसबी मुलांना या घाईत अडकताना पाहून वाईट वाटते, कारण थोडे थांबले असते तर त्यांना सरळ मार्गाने काम मिळाले असते.

निघण्यापूर्वी पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र आणि विमा पॉलिसी यांच्या प्रती घरी ठेवाव्यात आणि त्या कोठे आहेत हे आई-वडिलांना किंवा पत्नीला दाखवून ठेवावे. तिकडे परवाना अडला तर भारत सरकारच्या ‘मदद’ या तक्रार पोर्टलवर किंवा भारतीय दूतावासाकडे घरून तक्रार करता येते. ती भरताना याच प्रती लागतात आणि तक्रार लिहून देण्यासाठी आमचे कार्यालय वेगळे शुल्क घेत नाही.