कमांड लाइनवरून सर्टिफिकेट सर्व्हरचे भाग काढणे

कंपनी व्हीपीएन, वायफाय किंवा आतल्या साइटींसाठी स्वतःच सर्टिफिकेट, म्हणजे मशीनची किंवा माणसाची डिजिटल ओळखपत्रं, देत असेल तर त्या सर्व्हरवर वेगवेगळे भाग बसवलेले असतात, आणि त्यातला नको झालेला भाग टर्मिनलमधे कमांड देऊन उतरवायचा म्हणजे हे काम. कमांड एका ओळीची आहे, पण खरं काम त्याच्या आधीचं असतं.

लिनक्सवर असा सर्टिफिकेट सर्व्हर चालवायला डॉगटॅग वापरतात. मूळ नेटस्केपचं सॉफ्टवेअर, रेड हॅटने २००४ मधे एओएलकडून घेतलं आणि २००८ मधे ओपन सोर्स केलं. यात सीए सर्टिफिकेटवर सही करतो, केआरए युजरच्या प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त डिजिटल किल्ल्या, जपून ठेवतो, ओसीएसपी एखादं सर्टिफिकेट रद्द झालंय का ते सांगतो, टीकेएस आणि टीपीएस स्मार्टकार्डचं बघतात. काढायची कमांड पीकेआयडिस्ट्रॉय: पुढे डॅश एस आणि भागाचं नाव, मग डॅश आय आणि इन्स्टन्सचं, म्हणजे सर्व्हरवर बसवलेल्या त्या प्रतीचं नाव, बस. आवृत्ती १० च्या आधी हेच पीकेआयरिमूव्हने व्हायचं.

सगळ्यात जास्त घोळ क्रमाचा होतो. कुठलातरी एक सीए सिक्युरिटी डोमेनची, म्हणजे एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या सगळ्या भागांची, यादी सांभाळत असतो आणि बाकीचा भाग काढताना कमांड त्याच सीएला सांगते की याचं नाव यादीतून काढ, म्हणजे तो सीए आधीच उडवला तर विचारायचं कोणाला? म्हणून तो शेवटी. रामबागेतला पोरगा विजयनगरच्या ऑफिसात नवा लागला आणि सर्व्हरला हात लावायला निघाला की सिनिअर दादाने आधी हेच विचारायला हवं, "अरे, डोमेनचा सीए कुठला ते पाहिलंस का?"

केआरए काढणं त्याहून नाजूक. कोणाची की हरवली तर जुने एन्क्रिप्टेड मेल उघडायचा रस्ता तिथूनच जातो, तेव्हा साठवलेल्या की दुसऱ्या केआरएमधे नेल्याशिवाय त्याला हात लावूच नये. ओसीएसपीचं वेगळं आहे, त्याचा पत्ता वाटलेल्या सर्टिफिकेटांच्या आतच लिहिलेला असतो आणि तो मागाहून बदलता येत नाही, त्यामुळे भाग काढला तरी लॅपटॉप त्या पत्त्यावर विचारत राहतात. सीए बंद करायच्या आधी शेवटची रद्द-यादी म्हणजे सीआरएल लांब मुदतीची काढून एखाद्या चालू वेबसर्व्हरवर ठेवावी, नाहीतर तिची मुदत संपली की तपासणी कडक असलेल्या ठिकाणी चांगली सर्टिफिकेटंही नाकारली जातात आणि सकाळी सगळ्यांचं व्हीपीएन बंद.

विंडोज सर्व्हरवर पॉवरशेलमधे, म्हणजे तिथल्या कमांड द्यायच्या खिडकीत, दोन टप्पे आहेत. अनइन्स्टॉल-एडीसीएस ने सुरू होणाऱ्या कमांड फक्त कॉन्फिगरेशन काढतात, रोल, म्हणजे सर्व्हरवर बसवलेली ती सेवा, मात्र अनइन्स्टॉल-विंडोजफीचरने जातो.

एक फरक नीट लक्षात ठेवायला हवा. पीकेआयडिस्ट्रॉय त्या भागाची सर्टिफिकेटं आणि की सोबत घेऊन जाऊ शकते, सॉफ्टवेअरचं पॅकेज तेवढं राहतं, म्हणून बॅकअप आधी घ्यायचा. विंडोजमधे उलटं, सीएचा डेटाबेस आणि प्रायव्हेट की मशीनवर तशीच पडून राहते, आणि ज्याच्या हाती ती लागेल तो कंपनीच्या नावाने सही करू शकतो. ती की सर्टयूटिल या विंडोजच्या कमांडच्या डेलकी पर्यायाने वेगळी पुसावी लागते, ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या, म्हणजे कंपनीच्या युजर आणि मशीनच्या नोंदवहीतल्या, सीएच्या नोंदीही हाताने साफ कराव्या लागतात.