प्रगत इंग्रजी शब्दसंपदा (माध्यमिक शाळा)

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या वापरातल्या सुमारे २,००० शब्दकुलांपलीकडचे जे इंग्रजी शब्द लागतात, ते मिळवण्याची आणि वापरात टिकवण्याची पद्धत. शब्दकूल म्हणजे मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपे : ‘डिफाइन’, ‘डेफिनिशन’, ‘रीडिफाइन’ हे एकच कूल. पहिली २,००० कुले मायकेल वेस्ट यांच्या १९५३ च्या यादीत आहेत. तिच्यापुढची, अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली मांडलेली ५७० कुलांची यादी माध्यमिक शाळेला सर्वांत उपयोगी पडते, कारण तिच्यातले ‘इंडिकेट’, ‘व्हेरी’ (बदलणे), ‘सिग्निफिकंट’ असे शब्द विज्ञानात, भूगोलात, इतिहासात सारखे भेटत राहतात. सेमी-इंग्रजीच्या मुलाला ‘इव्हॅपोरेशन’ येते, कारण धड्यात ते ठळक छापून समजावलेले असते. तो अडतो त्याच वाक्यातल्या ‘ऑकर’ (घडणे) या शब्दापाशी, ज्याचा अर्थ कोणीच सांगितलेला नसतो.

शब्द वाचनातून उचलावेत. नागपुरात १९११ पासून निघणारे ‘द हितवाद’ हे इंग्रजी दैनिक त्यासाठी हाताशी आहे, आणि त्यातली शहराची बातमी परक्या देशातल्या उताऱ्यापेक्षा सोपी जाते, कारण प्रसंग आधीच ठाऊक असतो. मजकूर बेताचा निवडावा. २०० शब्दांच्या बातमीत ४ शब्द अडले तर अर्थ अंदाजाने लागतो. १० अडले तर मदत लागते. २० अडले तर ती बातमी त्या मुलासाठी नाहीच. एका बातमीतून दोन-तीनच शब्द घ्यावेत.

मराठी मुलाच्या हाती एक किल्ली आधीपासूनच असते, पण वर्गात ती फारशी वापरली जात नाही. ‘शक्य, अशक्य, शक्यता’ ही घडण त्याला अंगवळणी पडलेली असते. ‘पॉसिबल, इम्पॉसिबल, पॉसिबिलिटी’ त्याच चालीने जातात. संत्र्याच्या बातमीत ‘पेरिशेबल’ आला, की ‘नाशवंत’ शेजारी मांडावा : दोन्हींत आधी नासणे, मग त्या गुणाचा प्रत्यय. ‘इन-’, ‘मिस-’, ‘रि-’, ‘-एबल’, ‘-इटी’, ‘-इफाय’ अशी वीसेक उपसर्ग-प्रत्ययांची ओळख पक्की झाली, तर कितीतरी अनोळखी शब्द निम्मे ओळखीचे होतात.

शब्दाचे कार्ड पोस्टकार्डाच्या पाव आकाराचे पुरते. पुढे नुसता शब्द लिहू नये. रिकाम्या जागेचे वाक्य लिहावे. ‘अबेट’साठी : ‘द हीट — ओन्ली आफ्टर द फर्स्ट शॉवर्स ऑफ जून.’ नवतप्याची, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांची, काहिली सोसलेल्या मुलाला हे वाक्य समजावून द्यावे लागत नाही. मागच्या बाजूला शब्द, आघाताची खूण, ‘ओसरणे’ हा अर्थ आणि सोबती शब्द : हीट, स्टॉर्म, पेन. सोबती लिहिले नाहीत की मूल ‘कमी होणे’ एवढेच धरून टोमॅटोचे भावही ‘अबेट’ करते. आघातही महत्त्वाचा आहे : ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर (उच्चाराच्या तुकड्यावर), क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. देवनागरीत उच्चार लिहून ठेवणाऱ्या वहीत हा फरक हमखास हरवतो.

उजळणीसाठी सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली खोक्याची रीत सोयीची आहे. बुटांच्या खोक्यात पाच कप्पे करावेत. पहिला कप्पा रोज, दुसरा दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने तपासावा. बरोबर आलेले कार्ड एक कप्पा पुढे जाते; चुकलेले कुठूनही थेट पहिल्यात. रोज ५ नवे शब्द, आठवड्याचे पाच दिवस, एवढाच वेग ठेवावा. शाळेचे ३० आठवडे धरले तरी ७५० होतात. उत्साहाच्या भरात रोज २० घेतले तर तिसऱ्या आठवड्यात उजळणीचाच ढीग साचतो आणि खोका माळ्यावर जातो.

सारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी शिकवणे ही सर्रास होणारी चूक. ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ जोडीने फळ्यावर लिहिले की दोन्ही एकमेकांत मिसळतात. एक पक्का होऊ द्यावा, दुसरा दोन आठवड्यांनी आणावा. समानार्थी शब्दांच्या लांब याद्यांचेही तेच होते. दुसरी चूक मराठी वाक्याच्या वळणाने येते : परीक्षा ‘देतो’ म्हणून ‘गिव्ह अ‍ॅन एक्झाम’, विषया‘वर’ चर्चा म्हणून ‘डिस्कस ऑन’, जोराचा पाऊस म्हणून ‘स्ट्राँग रेन’. शब्द सगळे येत असतात. जोड्या येत नसतात. म्हणून ‘टेक अ‍ॅन एक्झाम’, ‘हेवी रेन’ असे जोडीनेच पाठ करून घ्यावे, आणि ‘डिस्कस’च्या कार्डावर पुढे शब्दयोगी काही लागत नाही हे लाल शाईने लिहावे.

चाचणीत ‘अर्थ लिहा’ विचारल्याने फक्त ओळख तपासली जाते. शब्द देऊन स्वतःचे वाक्य मागावे, आणि त्या महिन्यातल्या निबंधात किंवा पत्रात किमान तीन नवे शब्द योग्य जागी आले का ते पाहावे.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास, राज्यात इतरत्र सुरू झाल्यानंतर उघडतात. या लांब सुट्टीत नवी कार्डे करू नयेत. आठवड्यातून दोनदा सकाळी अर्धा तास जुन्यांची फेरी पुरते. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात चौथ्या-पाचव्या कप्प्यातली सगळी कार्डे एकदा तपासावीत आणि निसटलेली निमूटपणे पहिल्या कप्प्यात ठेवावीत.