पगार, भत्ते आणि नांगर न उचलणारी जहाजं

इंग्लंडच्या आरमारात कसलेल्या खलाशाचा पगार १६५३ साली महिना २४ शिलिंग ठरला (२० शिलिंगांचा एक पौंड). महिनाही २८ दिवसांचा धरायचा. हा आकडा १७९७ पर्यंत, जवळजवळ दीडशे वर्षं, जागचा हलला नाही. मधल्या काळात युद्धं झाली, महागाई वाढली, १७९५ मध्ये लष्करातल्या शिपायांना वाढही मिळाली. आरमार होतं तिथेच राहिलं. शिवाय हातात पैसे पडायचे ते भलत्याच उशिरा. माणसं पळून जाऊ नयेत म्हणून सहा महिन्यांचा पगार अडकवून ठेवायची रीत होती आणि जहाज सेवेतून मोकळं होईपर्यंत हिशेब चुकता होत नसे. तोवर बायकोपोरांनी काय खायचं, हा प्रश्न सरकारच्या वहीत नव्हता.

मग माणसं टिकायची कशी? बऱ्याच जणांना बंदरातून जबरदस्तीने उचलून आणलेलं असायचं. उरलेल्यांना आशा असे ती लुटीतल्या वाट्याची. शत्रूचं जहाज पकडलं की ते मालासकट विकायचं आणि पैसे ठरलेल्या हिश्शांनी वाटायचे. १७६२ मध्ये ‘हर्मायनी’ नावाचं स्पॅनिश खजिन्याचं जहाज हाती लागलं, तेव्हा साध्या खलाशालासुद्धा ४८५ पौंड मिळाले. वर्षाला १५-१६ पौंड कमावणाऱ्या माणसाला तीस वर्षांची मिळकत एका फटक्यात! कॅप्टनला ६५ हजार पौंड मिळाले, ते वेगळंच. अशी जहाजं फारच थोड्यांच्या नशिबी आली, पण त्यांच्या गोष्टींवर भरती चालायची. ही मला लॉटरीच वाटते, आणि मालकाला ती स्वस्तात पडत होती: वाढीव पैसे आपल्या तिजोरीतून न देता शत्रूच्या खिशातून द्यायचे.

१७९७ च्या वसंतात खलाशांनी पगारवाढीचे अर्ज बिनसहीचे पाठवले. कुणी दाद दिली नाही. १६ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, पोर्ट्समथजवळ स्पिटहेडला उभ्या असलेल्या ताफ्याला निघायचा हुकूम झाला, आणि कुणीही नांगर उचलला नाही. सोळा मोठ्या जहाजांनी प्रत्येकी दोन प्रतिनिधी निवडले; ‘क्वीन शार्लट’वर त्यांच्या बैठका भरू लागल्या. शिस्त इतकी, की फ्रेंच आरमार बाहेर पडलं तर आम्ही लढायला निघू, असंही त्यांनी सांगून टाकलं.

त्यांच्या मागण्यांतली एक मला पगारापेक्षाही बोलकी वाटते. रसद वाटणारा पर्सर, म्हणजे जहाजावरचा कोठीवाला, १६ औंसांच्या पौंडाऐवजी १४ औंसांचा पौंड तोलायचा. उरलेले दोन औंस सांडलवंड आणि नासाडीपोटी कापून घ्यायची त्याला मुभा होती. खलाशांचं म्हणणं एवढंच: वजन पुरं द्या. जखमी माणसाचा पगार बरा होईपर्यंत चालू ठेवा, हीसुद्धा एक मागणी होती. शेवटी सत्तरी ओलांडलेले अ‍ॅडमिरल लॉर्ड हाऊ स्वतः जहाजाजहाजावर फिरले, राजाची माफी आणली आणि कसलेल्या खलाशाला साडेपाच शिलिंगांची वाढ मिळाली. त्याच सुमारास थेम्स नदीच्या मुखाजवळ नोर इथे झालेल्या दुसऱ्या बंडाचा शेवट मात्र फाशीत झाला.

पुढच्या शतकात मूळ पगाराभोवती भत्त्यांचं जाळं विणलं गेलं. टॉर्पेडो बोटी आणि विनाशिकांवर जागा इतकी अपुरी, की अंग पसरायला नीट झोळी टांगता येत नसे, अंथरूण-कपडे ओलेच राहत. त्या हालांपोटी ‘हार्ड लाइंग मनी’ मिळू लागला. पाणबुडीवाल्यांना वेगळा भत्ता, पाण्यात बुडी मारणाऱ्यांना (डायव्हर) वेगळा. रोजची रम न घेणाऱ्याला तिच्या बदल्यात दिवसाला तीन पेन्स. ती रमच ३१ जुलै १९७० ला बंद झाली.

जे दिलं ते काढून घेतल्यावर काय होतं, हे १९३१ मध्ये दिसलं. मंदीत सरकारने काटकसर ठरवली. १९२५ पूर्वी भरती झालेल्या कसलेल्या खलाशाचे दिवसाचे चार शिलिंग तीनवर आणायचे, म्हणजे थेट २५ टक्के कपात. अधिकाऱ्यांची कपात याहून बरीच कमी. ही बातमी स्कॉटलंडमधल्या इन्व्हरगॉर्डन इथल्या ताफ्यातल्या अनेकांना कळली ती वर्तमानपत्रांतून. घरभाडं आणि हप्त्यांवर घेतलेलं फर्निचर यांचा हिशेब चार शिलिंगांवर बेतलेला होता. १५ सप्टेंबरला ‘व्हॅलियंट’ ही युद्धनौका निघायची होती. ती निघालीच नाही. शेवटी कपात १० टक्क्यांवर आणायची वेळ आली. बातमीने बाजार हादरला आणि २१ सप्टेंबरला ब्रिटनने सुवर्णमान, म्हणजे पौंडाच्या बदल्यात ठरल्या दराने सोनं द्यायची हमी, सोडलं. त्यामागे कारणं अनेक होती, पण या खलाशांचाही हात लागला होता.

मुंबईत हीच रेषा १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या ‘तलवार’ या सिग्नल प्रशिक्षण केंद्रावर येऊन पोहोचली: तिथल्या नाविकांनी संप पुकारला. पूर्वी ब्रिटिशांच्या या हिंदी आरमारात (रॉयल इंडियन नेव्ही) रत्नागिरीकडचे दर्यावर्दी मोठ्या संख्येने असत. दुसऱ्या महायुद्धात देशभरची शिकलेली पोरं भरती झाली. एकाच समुद्रात, एकाच युद्धात ब्रिटिश नाविकाला मिळणारं वेतन आणि आपलं वेतन त्यांनी ताडून पाहिलं होतं. त्यात खडे असलेली डाळ आणि कमांडिंग ऑफिसरची शिवराळ भाषा. संपाच्या मागण्यांत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती, तशीच रॉयल नेव्हीइतका पगार, कुटुंब भत्ता आणि कॅन्टीनच्या सोयीही होत्या. आपल्याकडे उठावाचा राजकीय भाग सांगताना हा दुसरा भाग गाळला जातो. त्याने उठाव लहान होत नाही.

स्वतंत्र भारताच्या नौदलाने भत्त्यांची ब्रिटिश चौकट बरीचशी तशीच घेतली. मोठी झाडाझडती झाली ती सातव्या वेतन आयोगात. धोका आणि हाल अशा दोन मापांवर भत्ते बसवण्यात आले. जुलै २०१७ पासून समुद्रावर असतानाचा भत्ता महिना ३,००० ते ७,८०० रुपयांवरून ६,००० ते १०,५०० झाला आणि मरीन कमांडोंचा १७,३०० ते २५,००० पर्यंत गेला. आकड्यांपेक्षा जहाजावरच्या माणसाला महत्त्वाची होती ती एक अट. समुद्रावरचा दिवस मोजला जाण्यासाठी आधी १२ तास बाहेर असावं लागे. आता ४ तास पुरतात.