सवलतीचा करार: एनएचएलच्या मुरलेल्या खेळाडूंचं गणित

एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या मुख्य लीगमध्ये, एखादा जुना खेळाडू कमी पैशांत सही करतो तेव्हा आज त्याच्या त्यागाचं कौतुक होतं. साठ वर्षांपूर्वी सगळेच कमी पैशांत खेळत, पण ती सक्ती होती. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच राही, आणि शेजारी बसणाऱ्याचा पगार किती हे कुणालाच ठाऊक नसे. १९५७ मध्ये टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना उभारायला घेतली, तर त्याच्या डेट्रॉइट संघाने त्याची रवानगी शिकागोला केली. गॉर्डी हाउसारखा दिग्गजही आपण स्वस्तात राबतोय हे फार उशिरा समजला, तेही एका सहकाऱ्याने सांगितलं म्हणून. १९७२ मध्ये बॉबी हल दहा लाख डॉलर घेऊन डब्ल्यूएचए या नव्या लीगमध्ये गेला आणि 'बाजारभाव' हा शब्द हॉकीत पहिल्यांदा खरा वाटू लागला.

मग २००४-०५ चा टाळेबंदीचा हंगाम आला, एकही सामना न होता संपला, आणि सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरची मर्यादा, लागू झाली: प्रत्येक संघाला वर्षाला ३ कोटी ९० लाख डॉलर. गणित फिरलं ते इथे. कॅपला भिडलेल्या संघात एकाने सोडलेला पैसा मालकाच्या खिशात जात नाही, दुसऱ्या खेळाडूच्या करारात जातो.

कोरी पेरीचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. २०१९ मध्ये अनाहाइमने त्याचा करार विकत घेऊन मोडला. भरपाईचे हप्ते चालू होते, म्हणून डॅलसला १५ लाख, माँट्रियलला साडेसात लाख, टँपाला वर्षाला दहा लाख हे आकडे त्याला परवडले. २०२०, २०२१ आणि २०२२, तिन्ही अंतिम फेऱ्या तो हरला. (पुढे एडमंटनकडून आणखी दोन!)

अशी सवलत नाकारणाऱ्यांना लोभी म्हणणं मात्र सोपं आहे. एकाची सवलत पुढच्या वाटाघाटीत दुसऱ्याच्या तोंडावर फेकली जाते, आणि लिंडसेच्या काळाची आठवण संघटनेत अजून जिवंत आहे. टँपाचा कर्णधार स्टीव्हन स्टॅमकोस दोन चषक जिंकून बसला होता. २०२४ मध्ये तो वर्षाला ८० लाखांवर चार वर्षांसाठी नॅशव्हिलला गेला. ब्रॅड मार्शंडने २०२५ मध्ये, ३७ व्या वर्षी, मधली वाट काढली: वर्षाला साडेबावन्न लाखच, पण सलग सहा वर्षं, आणि तेही राज्याचा आयकर नसलेल्या फ्लोरिडात. याला सवलत म्हणायचं की चतुराई?

पिट्सबर्गचा कर्णधार सिडनी क्रॉसबी याचा आकडा २००८-०९ पासून हललेला नाही: वर्षाला ८७ लाख. जर्सी ८७ नंबरची, जन्म ७ ऑगस्ट १९८७ चा. २००८-०९ मध्ये कॅप ५ कोटी ६७ लाख होती, म्हणजे त्याचा वाटा १५ टक्के. २०२४ मध्ये त्याने त्याच आकड्यावर आणखी दोन वर्षांची सही केली. २०२५-२६ ची कॅप आहे ९ कोटी ५५ लाख. वाटा उरला ९ टक्के.