सात सेकंदांची चिठ्ठी कुठून आली?

मे १९८२ मध्ये केरळच्या परूर मतदारसंघातल्या ५० केंद्रांवर देशात पहिल्यांदा मतदान यंत्र वापरलं गेलं. निकाल १२३ मतांनी लागला आणि पराभूत उमेदवार ए. सी. जोस न्यायालयात गेले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या केंद्रांवरचं मतदान रद्द केलं. कारण यंत्रातला घोळ नव्हता, तर कायद्यात यंत्राला जागाच नव्हती. मतपत्रिकांवर फेरमतदान झालं आणि जोस निवडून आले. १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ६१अ अमलात आलं, २००४ पर्यंत लोकसभेच्या सगळ्या जागा यंत्रावर गेल्या.

मात्र मतपत्रिकेबरोबर फेरमोजणीही गेली. शंका आली तर यंत्राचा तोच आकडा पुन्हा वाचायचा, एवढंच उरलं. हा आक्षेप रास्तच होता. ऑगस्ट २०१३ मध्ये नियम बदलले, सप्टेंबरमध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापून दाखवणारं यंत्र, आलं आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते टप्प्याटप्प्याने लागू करायला सांगितलं. उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते, मग कापली जाऊन बंद पेटीत पडते. ती घरी नेता येत नाही, हे मत गुप्त राहावं म्हणूनच.

खरी परीक्षा मतदानाआधी दीड तास असते. उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप मतदान (चाचणी मतदान) होतं, यंत्राचा आकडा चिठ्ठ्यांशी जुळवला जातो. मग ‘क्लिअर’ बटण दाबून मतं पुसायची, पेटीतल्या चिठ्ठ्या काढून, त्यांवर शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या. घाईत नेमकं हेच राहून जातं. मग मोजणीच्या दिवशी आकडा फुगलेला दिसतो आणि साध्या चुकीला घोटाळ्याचं नाव मिळतं. म्हणून प्रतिनिधीने पहाटे हजर राहावं आणि संध्याकाळी नमुना १७सीची प्रत मागून घ्यावी. त्यात यंत्राचा क्रमांक आणि एकूण मतं असतात. मोजणीच्या टेबलावर तीच ताडून पाहायची.

एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने विधानसभा क्षेत्रामागे एकाऐवजी पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायला सांगितल्या. केंद्रं सोडतीने निवडतात. आकडे जुळले नाहीत तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरतात. एप्रिल २०२४ मध्ये सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली गेली, पण व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची चिन्हं भरणारं युनिट निकालानंतर ४५ दिवस सीलबंद ठेवणं बंधनकारक झालं. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत ५ टक्के यंत्रांची तपासणीही मागता येते.

महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेला २८८ मतदारसंघांतल्या १,४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या. तफावत आढळली नसल्याचं निवडणूक यंत्रणेने सांगितलं. तरी डिसेंबरमध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. महापालिका, नगरपरिषदांच्या बहुसदस्यीय प्रभागांत तर यंत्राला व्हीव्हीपॅट जोडलेलंच नसतं. तिथे वाद झाला तर मोजायला चिठ्ठी नाही.